चौथ्या चाकाचा तडा

आमच्या बाबांचा जगात कुणावरच विश्वास नाही. देवावर आहे, पण प्रसादाचा नारळसुद्धा ते कानाशी हलवून घेतात. औषधाची गोळी आधी हुंगतात. कुणाची भारीतली लग्नपत्रिका आली की "एवढा खर्च काऊन केला असन?" म्हणत ती उलटसुलट करून बघतात. अमडापुरात हिंमतराव म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात, आणि बैल घ्यायचा झाला की तेच लोक भल्या सकाळी आमच्या दारात उभे राहतात.

कारण जनावर पारखावं तर बाबांनीच. आपली भाजीची वाडी तशीच सोडून ते दुसऱ्याच्या बैलासाठी बाजार गाठत. दात बघणं, खुरं बघणं, पाठीवरून हात फिरवणं हे कुणीही करतं. बाबा विकणाऱ्याकडे बघत. "काऊन विकून राह्यला?" एवढं विचारून गप्प बसत. समोरच्यानं झटकन उत्तर दिलं की बाबा उठलेच म्हणून समजा.

त्यांचा एक नेम मात्र होता. भाव पाडायला दलाल चांगल्या बैलातही खोट काढतात. बाबांनी ते कधी केलं नाही. "नसलेली खोट काढाची नाई," ते म्हणत. "एकदा जीभ बाटली का मंग खरी खोटबी कोनाले पटत नाई." त्यामुळे हिंमतरावांनी तडा म्हटलं की तडा, आणि बरं म्हटलं की बरं. त्यावर बाजारात कुणी वाद घालत नसे.

मी पुण्यात नोकरी करतो. मागच्या वर्षी मी एक जुनी पण तेज गाडी घेतली. दिसायला लहान, इंजिन दांडगं, आणि खाली चाकं बारकी. पैलवानानं पोराच्या चपला घातल्यासारखं ते ध्यान दिसे. मला सतरा इंची अलॉय चाकं हवी होती, रुंद टायरांसकट. नवी परवडत नव्हती. सुट्टीत घरी आलो असताना मोबाईलवर संग्रामपूरच्या एका माणसाची जाहिरात दिसली.

"जुनं घ्याचं हाय? मंग मी येतो," बाबा म्हणाले.

मी वैतागलो. चाकांना काय दात असतात बघायला? पण खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटलं. जुन्या मालात फसवणारे पुष्कळ, आणि बाबांना फसवणारा अजून जन्माला यायचा होता.

खामगाव मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला आणि मी गाडीचं बळ दाखवायला सुरुवात केली. बाबांनी एका हातानं वरची कडी धरली आणि दोन्ही पाय समोर रोवले, जसा काही ब्रेक त्यांच्याच पायाखाली होता.

"लय पळते," ते म्हणाले.

"आनखी पळन, बाबा. मोठे चाकं बसले का वळनावर हलत नाई."

"मंग तू आनखी जोरात पळवशीन?"

"हाव. त्याच्यासाठीच त घेऊन राह्यलो."

मग संग्रामपूर येईपर्यंत त्यांनी कडी सोडली नाही.

विकणारे वैजनाथराव शाळेतले निवृत्त कारकून निघाले. मला वाटलं होतं कुणी पोरगेला गाडीवेडा असेल. अशा सभ्य म्हाताऱ्याकडे असली चाकं कशाला? ती ठेवली होती मागच्या खोलीत, जुन्या चादरीखाली. खरेदीची पावती विचारली तर म्हणाले, सापडत नाही. बोलताना सारखं लक्ष फाटकाकडे. आणि किंमत इतकी कमी की माझ्याच मनात पाल चुकचुकली. चोरीचा माल तर नाही?

मी टायर बघितले. बनवल्याची तारीख अलीकडची, नक्षी जेमतेम झिजलेली, कुठे फुगवटा नाही. एका चाकावर तांबड्या रंगाचा ओरखडा होता, बस. बाबांनी एकेक चाक फरशीवर लोळवून बघितलं, आतून बोट फिरवलं, आणि मग तो प्रश्न टाकला.

"काऊन विकून राह्यले?"

"घरात जागा अडते जी," वैजनाथराव झटकन म्हणाले.

झालं, आता उठायचं, असं मी धरून चाललो. पण बाबा उठले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाय, गाडी फाटकाजोळ लाव. नटाचे भोकं जुळते का नाई ते पाहू."

मी गाडी लावून परत आलो तर वैजनाथराव आमच्याकडे पाठ करून कपाटात काहीतरी शोधत होते. बाबा तांबड्या ओरखड्याच्या चाकाशी उकिडवे बसले होते. ते चौथं चाक.

"याले आतून तडा हाय," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "चाल."

मी बघायला वाकलो तर त्यांनी चाक भिंतीला टेकवून टाकलं. "मी सांगतो ना!" वैजनाथरावांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! परतीच्या वाटेवर मी त्या माणसाचा उद्धार करत राहिलो. बाबांनी हूं की चूं केलं नाही. एरवी एक खोट पकडली की घरापर्यंत त्यांचा बैलपुराणाचा अध्याय चाले.

दिवाळीला घरी आलो तेव्हा आईनं म्हशीला कुटार टाकायला सांगितलं. गोठ्याच्या कोपऱ्यातल्या ढिगात मी हात घातला तर सोयाबीनच्या भुशाखाली पोतं लागलं, पोत्यात गोल काहीतरी. ओढून काढलं. अशी चार पोती. सतरा इंची अलॉय. एकावर तांबडा ओरखडा.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे बाबांनी खोट काढून भाव पाडला आणि मागच्या दारानं स्वतः चाकं घेतली? विकायची होती की काय? ज्या दलालांना त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या त्यांच्याच पंगतीला हे बसले? मी चौथं चाक उन्हात नेलं, पुसलं, बाबांसारखंच आतून बोट फिरवत सगळं बघितलं. तडा नव्हता. कुठंच नव्हता.

आई ओसरीवर मेथी निवडत होती. मी तणतणत तिच्यासमोर उभा राहिलो.

"बोंबलू नको," ती म्हणाली. "त्या मानसाचं पोरगं हाय आल्हाद. लय गाडी पळवते. एकदा पुलावरून पडता पडता वाचलं. ते घरी येऊन फाटक वाजेलोक बापाचा डोया लागत नाई. पोरगं परीक्षेले गेलं तवा बापानं त्याच्या मागून त्याच्या गाडीचे हे चाकं विकाले काढले. तू गाडी लावाले गेल्ता तवा रडला तो तुह्या बाबापाशी."

"मंग बाबांनी तडा काऊन सांगितला?"

"आता तूच सांग काऊन." तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "मंग येष्टीनं एकटेच गेले आन टपावर टाकून घेऊन आले. चाकं तिथंच राह्यले असते त त्याचं पोरगं पळवत बसलं असतं. तू घेतले असते त आमचं."

मी गोठ्याकडे बघितलं.

"तवापासून कोनाचं जनावर पाहाले जात नाई," ती म्हणाली. "डोये अधू झाले म्हनून सांगते लोकाइले. काल बाजूच्या गावचा प्रसेनजित आल्ता म्हैस दाखवाले न्याले, त्याले वापस लावलं. मले म्हनते, माही जीभ बाटली."

मी चाकं पुन्हा पोत्यांत घातली आणि वर कुटार लोटलं, होतं तसं.

बाबा वाडीतून आले, चहाला बसले. मी सहज आठवल्यासारखं केलं. "बाबा, ते संग्रामपूरचं चौथं चाक. त्याचा तडा मलेबी दिसला होता तवा. बरं झालं घेतले नाई."

बाबांची बशी ओठाशीच थांबली. "कोन्या बाजूनं व्हता?"

"आतून. भोकाजोळ."

ते माझ्याकडे बघत राहिले, बाजारात विकणाऱ्याकडे बघत तसे. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी चहा संपवला, खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, "चाल. प्रसेनजितची म्हैस पाहून येऊ."

मी गाडी काढली. गावाबाहेरचा रस्ता रिकामा होता. बाबांनी सवयीनं कडी धरली, पाय रोवले, आणि थोड्या वेळानं वेगाच्या काट्याकडे वाकून बघितलं.

"काऊन बे, इतका हळू काऊन चालवून राह्यला? गाडीत काई खोट त नाई?"

"नाई, बाबा."

त्यांना ते पटलं नाही. उतरल्यावर म्हशीकडे जाण्याआधी त्यांनी माझी चारही चाकं वाकून बघितली.