वरच्या पट्टीतलं तिसरं चित्र

माझी सुहासिनीकाकू फरीदाबादला, कालव्यापलीकडे नहरपारच्या नव्या वस्तीत, अकराव्या मजल्यावर राहते. दिनकरकाका कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी घेतल्या, हा फ्लॅट आणि एक कॉम्प्युटर. दोन्हींत माझी लुडबुड होती. मी नोएडाला सॉफ्टवेअरमध्ये, कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकटच्या लिनक्सचा मोठा भक्त. जाईन त्या घरच्या मशीनवर न विचारता ते घालून देणारा उंटावरचा शहाणा.

काका-काकूंची मुलगी क्षिप्रा. २००९ साली तिने नीरजशी लग्न ठरवलं आणि काकांना ते मुळीच पसंत नव्हतं. गेलीस तर या घरात तुझं नाव निघणार नाही, असं ते म्हणाले. ती गेली. पुढे दोघं कॅनडाला गेली. लग्नाला मीही गेलो नव्हतो, काका रागावतील म्हणून. त्यानंतर तिने आम्हा सगळ्यांनाच सोडलं, आणि तिचं काही चुकलं नाही.

पण घर सोडण्याआधी तिने आईला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. पडद्यावर वरच्या पट्टीतलं तिसरं चित्र दाबायचं, की ईमेलची पत्रं उघडतात. त्या चित्राचं नाव काय, हे काकूने कधी वाचलं नाही. ती जागा ओळखायची, अंधारातही हिंगाची डबी हाताला लागते तशी. घरात मोबाइल एकच, तोही काकांच्या खिशात. काका आंघोळीला गेले की काकू लेकीचं पत्र वाचायची आणि एका बोटाने दोन ओळी लिहायची. अडीच वर्षं हे चाललं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

२०११च्या दिवाळीत मी फराळाला गेलो आणि माझ्या अंगात आलं. लिनक्सचा नवा डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची नवी मांडणी, आला होता. पट्टीतली चित्रं गायब, पडदा अगदी स्वच्छ, हवं त्याचं नाव टाइप करून शोधायचं. मी तो घालून दिला. काका खूश झाले. काकू मागे उभी होती. आधीची चित्रं कुठे गेली, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, आता त्यांची गरजच नाही. ती चकल्यांची ताटली ठेवून आत गेली. काका शेजारी बसलेले आणि मी काकांचाच पुतण्या, ती बिचारी काय सांगणार?

मी सणासुदीलाच फिरकायचो. संक्रांतीला गेलो तेव्हा काका आंघोळीला गेले, दार लागलं, आणि काकू माझ्याजवळ आली.

"शार्दूल, ती पट्टी परत आणता येते का रे? तिच्यात क्षिप्राची पत्रं आहेत."

अर्ध्या मिनिटाचं काम होतं. जुना डेस्कटॉप मी काढलाच नव्हता, सुरुवातीच्या पडद्यावर नुसता निवडायचा होता. काकूने तिसरं चित्र दाबलं. अकरा पत्रं न वाचलेली. तिने सगळ्यात वरचं उघडलं.

क्षिप्रा सासरच्या कामाने दिल्लीला येऊन गेली होती. मंगळवारी चार वाजता कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या सदनात ये, असं तिने त्याखालच्या दोन पत्रांत कळवलं होतं. वरच्या पत्रात एवढंच होतं: "आई, सातपर्यंत बसले. बाबांचंच ऐकायचं ठरवलंस, कळलं. आता लिहिणार नाही."

काकूने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

"त्या मंगळवारी मी घरीच होते रे," ती म्हणाली. "मटार सोलत बसले होते."

आत पाण्याचा आवाज थांबला, तसं तिने सगळं बंद केलं आणि तिळगुळाचा डबा काढायला गेली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकूने लिहिलं. उत्तर आलं नाही. मग मी लिहिलं. डेस्कटॉप, पट्टी, माझं शहाणपण, काही लपवलं नाही. जुन्या-नव्या पडद्यांचे फोटोही जोडले. आठवड्याने मला एकट्याला उत्तर आलं.

"शार्दूलदादा, एक चित्र हललं म्हणून माझी आई आली नाही, हे मी खरं मानू? तिच्यासाठी खोटं बोलतोस, ते आवडलं. पण पुन्हा लिहू नकोस."

आता मी दर रविवारी फरीदाबादला जातो. काका आंघोळीला गेले की काकू विचारते, तुला तरी तिचं उत्तर आलं का. मी नाही म्हणतो.