सीटखालची बॅग

आमच्या आदिलाबादच्या रविवारच्या सायकल गटाला एक पुढारी आहेत. घट्ट जर्सी घालून ते पंक्चरवर प्रवचन देतात. मला सीटखाली बांधायची बॅग घ्यायची होती, कारण जैनथच्या रस्त्यावर बाभळीचे काटे फार आणि पंक्चरचे दुकान एकही नाही. त्यांनी आपली चकचकीत, निमुळती बॅग दाखवून "हीच घ्या" असे फर्मावले.

ती घेण्याआधीच, भर कपाशीच्या शेतांत, माझे मागचे चाक बसले. मी त्यांच्याकडे ट्यूब मागितली. त्यांनी बॅगेची चेन उघडली. आत सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या ओलसर पुड्या, फुटलेली चुन्याची डबी आणि एक कंगवा. कंगव्याच्या दातांत चुना वाळला होता. मी नाक दाबून विचारले,

"ट्यूब काऊन नाही?"

"वजन होते ना सर, स्पीड जाते. थोडा खर्रा घ्या, तवर ऑटो येते."

सायकल ऑटोवर लादून मी परतलो. दुसऱ्या दिवशी ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या सोबत घेऊनच दुकानात गेलो. हे सगळे आत मावून जिची चेन लागली, ती बॅग घेतली. दिसायला ती कंडक्टरच्या पिशवीसारखी आहे.

पुढच्या रविवारी पुढारी तिच्याकडे बराच वेळ पाहत होते. मला वाटले, आता हसतील.

"लय जागा हाये सर यात," ते म्हणाले. "माझा खर्रा ठेवता का?"

चेन लागलेलीच होती. तरी मी ती पुन्हा ओढून पाहिली.