कोचईची माती आणि स्क्वॉलिड जिना

आमच्या सावंगीच्या घराची माडीवरची खोली म्हणजे राजवाडा. असं मी म्हणतो. तिथं राहून डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरीनं मात्र मोबाइलवर कळवलं की काका, खोली आणि जिना स्क्वॉलिड आहे. रविवारी आई बघायला येईल, तिला पटलं नाही तर मी दुसरीकडे जाईन.

शब्द मला नवा. मी शब्दकोश काढला. तो इतका जाड, की दोन वर्षं आमचं मागचं दार त्यानंच अडवून धरलं होतं. अर्थ निघाला: दुर्लक्षामुळं घाण झालेलं. मूळ लॅटिन, आणि तिकडं जुना अर्थ खरबरीत, मळाचे थर चढलेलं. थरांबद्दल माझी तक्रार नाही. जिन्यात बियाण्याच्या कोचईची पोती होती, अळूवड्यांची पानं येतात ते कंद, मातीसकट. पण दुर्लक्ष? माझं? रोमच्या माणसांनी एवढ्या लांबून माझा जिना पाहिला कधी, तेच मला कळेना.

बायकोला सगळं कळत होतं. आधीचे तीन भाडेकरू असेच गेले होते, आणि या पोरीवर तिचा भारी जीव. कपड्यांची पिशवी भरून तिनं दाराशी ठेवली. "ही पोरगी गेली तं मीबी अल्लीपूरले चालली." अल्लीपूर तिचं माहेर. मागच्या वेळी तिथून तिला आणायला मला अकरा दिवस आणि सोळा माफ्या लागल्या होत्या.

शनिवारी ती केळझरच्या गणपतीला गेली आणि मी जिना धुवायला घेतला. एवढं पाणी ओतलं की गल्लीत बगळे उतरले. मग कोचई. एकेक कंद ब्रशनं घासला, असा की सोनारानं काट्यावर घेतला असता.

रविवारी पोरीची आई आली. यवतमाळकडची, स्वतः भाजीपाला पिकवणारी. खोलीकडं न जाता ती जिन्यातच बसली आणि एक ओला कंद हातात घेतला.

"भाऊ, बियाणं धुतलं काऊन?"

मी स्वच्छतेवर भाषण सुरू केलं. तिनं ते अर्ध्यात तोडलं. माती असली की कंद टिकतो, आता हा आठवड्यात सडेल, म्हणाली. मग पोरीकडं वळली. "अवं, ते माती घाण नाई. जपून ठेवून राह्यले होते ते."

माझी छाती एवढी फुगली की जिन्यात माणसाला जागा उरली नाही. तेवढ्यात बाई खोलीत गेली आणि तिनं खिडकीचा पडदा सारला. मागं जाळं होतं. त्यातला कोळी इतका जुना, की मतदार यादीत माझ्याआधी त्याचं नाव असावं.

"हे मात्र माही पोरगी म्हणते तेच हाय," बाई म्हणाली. बायकोनं माझ्या हातात झाडू दिला.

सडण्याआधी कोचई लावायलाच हवी होती. तिघींनी मिळून संध्याकाळपर्यंत परसात वाफे भरले. पोरगी कोपरापर्यंत मातीनं माखली होती. नळावर हात धुता धुता तिनं विचारलं, "काकू, पानं आली की वड्या करायच्या ना?"

बायको आत आली, दाराजवळची पिशवी उचलली आणि कपडे परत कपाटात लावायला लागली. मी वर खिडकीतच होतो. कोळी काही निघायला तयार नव्हता.