सतराव्या शतकातलं मडं

२०१० च्या हिवाळ्यात आम्ही आयर्लंडमधल्या ॲथलोनला राहत होतो. नवरा टेलिकॉम कंपनीत आणि मी त्याच्या व्हिसाला जोडलेली बायको, म्हणजे बाहेर काम करायची परवानगी नाही आणि घरातलं काम संपत नाही. म्हणून मी संध्याकाळचा एक वर्ग लावला: युरोपची चित्रकला, रेनेसाँ ते बरोक. तिथे मी अक्षरशः वेडी झाले. काळोखात एका बाजूने उजेड येतो आणि कुणा म्हाताऱ्याचा सुरकुतलेला कान उजळून निघतो, हे बघून बसल्या जागी उड्या माराव्याशा वाटत. तोंड मात्र उघडत नसे. वर्गातल्या बायका लाह्या फुटाव्यात तशा बोलत. माझं इंग्रजी पुण्याच्या शाळेतलं, घासूनपुसून कपाटात ठेवलेलं.

शेवटी प्रत्येकाने एक चित्र वर्गापुढे मांडायचं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन गोड शब्दांत सांगितलं की जो मांडणार नाही त्याला पुढच्या वर्षी घेता येणार नाही. घरी येऊन मी ढसाढसा रडले. तेवढा एकच वर्ग माझा स्वतःचा होता हो. डोळे पुसता पुसता पुण्याचा गणेशोत्सव आठवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. जिवंत देखावा करायचा! पडदा उघडतो, माणसं पुतळ्यासारखी उभी असतात आणि सगळं बोलतो तो आधी रेकॉर्ड केलेला आवाज. कुणाला तोंड उघडावंच लागत नाही.

चित्र ठरलं ते डच: प्रेत चिरून शिकवणारा डॉक्टर आणि टेबलावर ते प्रेत. चित्रात भोवती शिकणारी माणसंही आहेत, ती आम्ही गाळली. डॉक्टर झाला माझा नवरा, ज्याला कांदा चिरताना बोट कापलं तरी भोवळ येते. प्रेत झाला आमचा शेजारी. तो मिरजेला शिकलेला खराखुरा डॉक्टर, इथल्या सरकारी हॉस्पिटलात राबणारा. आडवं पडायचं असेल तर कुठेही येतो, म्हणाला. डॉक्टरच्या गळ्यातली पांढरी चुणीदार कॉलर सासूबाईंनी केली. त्या कोल्हापूरकडून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. लेकाच्या लग्नातल्या उपरण्याला त्यांनी भाताच्या पेजेची खळ दिली आणि लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तशा चुण्या पाडल्या. डॉक्टरच्या हातातल्या चिमट्याऐवजी सांडशी. लॅपटॉपवर मी माझा आवाज भरला, इतक्या ऐटीत की जणू चित्र माझ्याच दिवाणखान्यात टांगलंय.

त्या संध्याकाळी वर्गातले दिवे मालवले, एका बाजूला टेबललॅम्प लावला आणि दोन चादरींचा पडदा बाजूला सारला. उपरण्यातला नवरा सांडशी उगारून उभा, पुढे उघड्या छातीचा शेजारी. इतकं सुंदर दिसत होतं की माझ्या अंगावर काटा आला. लॅपटॉपमधली मी बोलू लागले. "मृत्यूची ही निश्चल शांतता पाहा," असं ती म्हणाली आणि प्रेत घोरलं.

आधी बारीक, मग चांगलं खर्जात. बिचारा हॉस्पिटलातून सरळ इथेच आला होता, टेबलावर पाठ टेकताच गाढ झोपला. पहिल्या रांगेतून सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं, मडं घोरतंय की तुजं." मराठी कुणाला कळायची गरजच नव्हती. सगळा वर्ग खो खो हसत सुटला आणि लॅपटॉप आपला मृत्यूचं गांभीर्य समजावतोच आहे. मी तो धाडकन मिटला. आता उरलं फक्त घोरणं आणि हसणं. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "यू आर ग्रँड. गो ऑन." म्हणजे तिकडच्या बोलीत, काही बिघडलं नाही, चालू दे.

आणि माझं तोंड उघडलं. कसं ते आजही माहीत नाही. मी म्हणाले की हा माणूस कालपासून झोपलेला नाही, त्याला उठवू नका. मग म्हणाले, "चित्रातली माणसं डॉक्टरकडे बघतात, इकडेतिकडे बघतात. मेलेल्याच्या तोंडाकडे कुणीच बघत नाही. चित्रकाराने मात्र सगळ्यात जास्त उजेड त्याच्यावरच टाकलाय. आज तुम्ही सगळे त्याच्याकडे बघताय."

हसू थांबलं. त्या शांततेची मला भीती वाटली नाही, उलट ती मला नशेसारखी चढलीच. मी कॉलरच्या खळीबद्दल बोलले, त्या काळच्या महाग मेणबत्त्यांबद्दल बोलले, प्रेत मिळवायला काय काय करत त्याबद्दल बोलले. क्रियापदं वाट्टेल तिथे पडत होती, पडू दे. समोरच्या बायका पुढे झुकून ऐकत होत्या आणि मला इतका आनंद होत होता की हात आपोआप हलत होते.

तेवढ्यात शेजारून दबका आवाज आला. नवरा अजूनही सांडशी उगारून तसाच उभा होता, चुण्यांमध्ये घामाघूम.

"झालं का गं? हात भरून आला."

"थांब," मी म्हणाले. "माझं अजून संपलेलं नाही."