मागितला होता डोंगा

आमच्या संस्थेच्या पुस्तिकेत माझ्या हातचं एक वाक्य आहे : 'पुरानंतर गावकऱ्यांच्या मागणीनुसार शौचालये बांधून दिली.' ते खोटं आहे. गावाने डोंगा मागितला होता.

त्या पुरात कारध्याच्या खालच्या अंगाला असलेल्या ढिवरवस्तीतले लाकडी डोंगे वैनगंगेने नेले. मासेमारी बंद, म्हणजे चूल बंद. मी सभा घेतली आणि काय हवं ते विचारलं. एक जण उभा राहिला.

"डोंगा द्या साहेब. बाकी आमी पाहून घेऊ."

मी शौचालयांचा विषय काढला, तर म्हणाला, "आधी पोटात तं जाऊ द्या, मंग संडासाचं पाहू!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो.

पण परदेशातून येणारा पैसा त्या वर्षी स्वच्छतेसाठीच होता. भंडाऱ्यातलं ऑफिस, जीप, माझा पगार, सगळं त्यातूनच चाले. डोंग्यांचं मी वर एकदा विचारलं. "तो आपला विषय नाही," एवढंच उत्तर आलं. पुन्हा विचारायला मी घाबरलो. पैसा दुसऱ्या जिल्ह्यात गेला असता. निदान वस्तीत जाऊन खरं सांगायचं. तेही केलं नाही. सभेत उठलेल्या त्या माणसाला म्हणालो, "डोंगे पुढच्या खेपेला नक्की."

तो डोंग्याची वाट पाहत थांबला. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकू लागला. एका सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडलं. ट्यूब काठाला लागली, तो लागला नाही.

भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, "पल्याडच्या गावचा माहा भाऊ त्याच्या डोंग्यात हिस्सा देऊन रायला होता, साहेब. हे म्हणत, कायले घेऊ? साहेब देऊन रायले नं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं. नव्या शौचालयाच्या भिंतीवर आमच्या संस्थेचं नाव ठळक दिसत होतं. मी त्या नावाकडे पाठ करून बसलो.

निवृत्तीनंतर, यंदा, पुन्हा गेलो. तिने ओळखलं. पाणी दिलं.

"या वर्षी काय वाटून रायले, साहेब?"

मी आता संस्थेत नाही, पण पदरचे पैसे घालून डोंगा करून देतो, असं सांगितलं.

"चालवन कोन? पोरगा नागपूरले सेंट्रिंगच्या कामावर गेला. नदीचं नावबी काढू देत नाही मले."

मग माझ्या हातातला रिकामा गिलास घेऊन ती आत गेली.