आक्कानं घासलेला तवा

बायको गेली, त्या आठवड्यात माझी थोरली बहीण मलकापूरहून एसटीनं आली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. तिच्यात राख होती. पंचगंगेवर रक्षाविसर्जन करून आम्ही नुकतेच परतलो होतो. त्या पिशवीकडं बघून मी दारातच थांबलो.

"चुलीतली हाय रं," आक्का म्हणाली. "भांडी घासायला. तुमच्या बावड्यात, गॅसच्या घरात, राख कुठनं मिळायची?"

उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी घर धुऊन काढायचं, एकूण एक भांडं घासायचं, ही आमच्याकडची रीत. सुतक फिटतं ते तेव्हा. आक्कानं मोरीशेजारी पाट मांडला आणि डबे, पातेली, कधी न वापरलेली फराळाची भांडी, सगळं काढलं. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो. वाचत नव्हतो. आतून भांड्यांचे आवाज येत होते, मग सगळे थांबले आणि एकच आवाज उरला, खर्र खर्र. तो दुपारभर चालला. मधेच नाक ओढल्याचाही आवाज आला. तिला रडू दे, असं म्हणून मी आत गेलो नाही.

संध्याकाळी तिनं मला हाक मारली. ओट्यावर भिंतीला टेकवून एक तवा ठेवला होता, चांदीसारखा लख्ख. हा आपल्या घरात कुठून आला, हे मला आधी कळेना. मग लाल मूठ दिसली.

तो बायकोचा नॉनस्टिक तवा होता.

आक्का माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "किती काळा ठिवलता रं तिनं! आजारपणात हातनं हुईना झालं असंल. उद्या गावभरच्या बायका येणार. माझ्या भावजयीला कुणी नावं ठिवलेलं मला खपायचं न्हाय. आधी राख आणि काथ्या, मग तारेची घासणी. पर काढलं की न्हाय सगळं?"

सगळं काढलं होतं. मी म्हणालो, "छान निघालाय." दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक बाईला आक्कानं तो तवा दाखवला. काही बायकांनी एकमेकींकडं बघितलं, पण दुखवट्याच्या घरात कोण बोलणार?

या तव्याला बायको फार जपायची. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आतून आधी प्रश्न यायचा, "अहो, लाकडी उलथनं घेतलंत ना?" याच्या आधीचा तवा कामवाल्या बाईच्या हातून एकदा तारेनं घासला गेला. एकच ओरखडा होता, केसाएवढा. तिनं त्याच दिवशी तो भंगारवाल्याला दिला.

आता माझी पाळी होती. तवा टाकवेना, म्हणून मी त्याच्यावर धिरडी करू लागलो. पहिलं धिरडं तव्याला असं धरून बसलं, की खरवडून काढल्यावर त्याचा उपमा झाला. तेल वाढवलं, तर तेलकट उपमा झाला. कडेला थोडा लेप शिल्लक होता, त्याच्या काळ्या कपच्या सुटून पिठात यायच्या. मी सवयीप्रमाणे नॉनस्टिकविषयी मिळेल ते वाचून काढलं. ओरखडे पडले की तवा चिकटतो, लेप अन्नात उतरतो, आणि असा तवा मोठ्या आचेवर रिकामा तापवला तर धूर चांगला नसतो. कपच्या पोटात गेल्या तरी तशाच बाहेर पडतात, असा धीरही कुणी दिला होता. तेवढंच मी लक्षात ठेवलं आणि खात राहिलो.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, त्या सुमारास आक्का पुन्हा आली. मी तिला धिरडं वाढलं.

"मिरं लई घालतोस रं."

"हं," मी म्हणालो.

तिनं एक काळा कण बोटावर घेतला, चावला. "मिरं तिखट लागतं. ह्याला चवच न्हाय." ती उठून ओट्याशी गेली, तव्यावरून बोट फिरवलं आणि कडेची एक कपची नखानं उचकटली. "हे काय हाय?"

मग मला सांगावंच लागलं.

तिनं ती कपची उजेडाला धरून बघितली. "म्हंजे काळं हुतं ते तव्याचंच हुतं?"

"हो."

"आणि मी गावभरच्या बायकास्नी दावला! त्याच दिशी का म्हणाला न्हाईस?"

"तू आत रडत होतीस, आक्का."

"आरं, बोटं सोलली म्हणून रडत हुतो मी!"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून ते थांबेना. आक्का आधी रागावली आणि मग पदर तोंडाला लावून तीही हसू लागली.

हसून झाल्यावर तिनं तवा उचलला. "टाकायचा हा."

"राहू दे. तिचा आहे."

"तिनं ठिवला असता व्हय?"

मी विचार केला. केसाएवढ्या ओरखड्याला तिनं दिवसभराचीही मुदत दिली नव्हती. हा तवा बघून तिनं आधी मला उलथन्याचं विचारलं असतं, मग ती आक्काला हसली असती, आणि भंगारवाल्याला तिनं खिडकीतूनच हाक मारली असती.

"नसता," मी म्हणालो.

भंगारवाल्याला आक्कानंच गाठलं. पुढच्या खेपेला तिनं मलकापूरच्या बाजारातून बिडाचा तवा आणला, तेल पाजून, कांदा चोळून, तयार करून. "ह्याला काय बी कर. घास, खरवड. ह्याला काय हुत न्हाय."

पहिलं धिरडं पसरलं आणि उलटायला मी हात पुढं केला. ती माझ्या हाताकडं बघत राहिली.

"बिडाच्या तव्याला लाकडी उलथनं? येडा हाईस की काय?"

"असू दे," मी म्हणालो. धिरडं अख्खं निघालं.