काकांच्या बॅकचा एकमेव गोल

आमच्या नेपरव्हिलच्या शेजारच्या काकांइतकी माणसं उभ्या इलिनॉयमध्ये कुणी झोपवली नसतील. तीस वर्षं ते भूल देणारे डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर तेच काम त्यांनी औषधाविना, नुसत्या बोलण्यानं चालू ठेवलं.

औषधाच्या जागी आला एक फुटबॉलपटू. एका गराज सेलमध्ये काकू टेबललॅम्प बघत होत्या, तेवढ्यात काकांना जुन्या सिगारेटच्या पाकिटातलं चित्र सापडलं. शंभर वर्षांपूर्वीचा कुणी इंग्रज खेळाडू, गुडघ्याखाली उतरलेली चड्डी, चेंडू अडकून बसेल अशा मिशा, आणि खाली शब्द : बॅक. काका स्वतः कोल्हापुरात तालमीच्या संघातून बॅकला, म्हणजे बचावफळीत खेळलेले. “फॉरवर्डच्या मिरवणुका निघतात, लेका. गोल अडवणाऱ्याला कुत्रं विचारत नाही,” असं म्हणून त्यांनी त्या मिशीवाल्याला जवळजवळ दत्तकच घेतलं. विलायतेतल्या वाचनालयांना पत्रं धाडून कात्रणं मागवली. चौदा वर्षांची कारकीर्द, दोन क्लब, एक मोडलेलं नाक. काकू म्हणायच्या, “माझा वाढदिवस विचारा यांना, ततपप होईल. त्या मेल्याचं नाक कधी मोडलं ते मात्र तिथीनिशी सांगतील!”

मी ड्राइव्हवेतला बर्फ उपसायला लागलो की काका येऊन टोकाशी उभे राहायचे. “धावतोस काय असा? बॅक आपली जागा सोडत नाही.” आणि खरंच, फावड्याला बोटही न लावता ते अर्धा तास जागा सोडायचे नाहीत. मग मी त्यांच्या भोवतीनं बर्फ काढायचो आणि ते गेल्यावर तिथं दोन बुटांएवढा चौकोन तसाच उरायचा.

या सगळ्या कारकिर्दीचा कळस म्हणजे एक गोल. एका कात्रणात बॅकच्या नावापुढं बारीक अक्षरांत ‘ओ. जी.’ छापलं होतं. “वनचा ओ, गोलचा जी!” काकांनी मला ठणकावून सांगितलं. “चौदा वर्षांत एक!” इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत यावर काकांचं भाषण ठरलं. स्लाइड मीच केल्या, ‘एकमेव गोल’ हे शीर्षक मीच ठळक केलं.

भाषणाला आठवडा उरला असताना माझ्या लेकीनं शाळेच्या मॅचमध्ये चेंडू आपल्याच जाळ्यात मारला. कोचनं कागदावर लिहिलं : ओ. जी.

“म्हणजे काय गं?”

“ओन गोल, बाबा! प्लीज, डोंट मेक मी से इट अगेन.”

मंडळातली निम्मी पोरं सॉकर खेळणारी. भर सभेत काकांचं हसं होणार. सांगायला मी तीनदा त्यांच्याकडे गेलो आणि तीनदा चिवडा खाऊन परत आलो. मी पडलो आयटीतला. चूक सापडली की ईमेल करतो, तोंडावर कधी सांगितलीय?

शेवटी भाषणाच्या दिवशी हॉलच्या दाराशी, ते टाय नीट करत असताना त्यांना गाठलं. “काका, ते ओ. जी. म्हणजे...”

“ओन गोल. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवतोस होय?”

“मग?”

“अरे, चौदा वर्षं दुसऱ्यांचे अडवले त्यानं. त्याच्या नावावर छापलेला हा एवढाच आहे. तेवढा असू दे की बिचाऱ्याला.”

नवव्या स्लाइडपर्यंत अर्धा हॉल नेहमीप्रमाणे भुलीखाली गेला. मग काका दोन्ही हात वर करून ओरडले, “गोऽऽल!” झोपलेले दचकून उभे राहिले आणि आजूबाजूचेही उभे दिसल्यावर भाषण संपलं असं वाटून उभ्यानंच टाळ्या वाजवायला लागले. हसणार होती ती पोरंही सामील झाली. सगळ्यांत जोरात माझी लेक.

पुढच्या हिवाळ्याआधी काका-काकू मुलाकडे टेक्ससला गेले. तिथं बर्फ नाही. काका कुणाच्या अंगणात उभे राहत असतील, कोण जाणे. मी अजून ड्राइव्हवे उपसतो. टोकाशी दोन बुटांएवढा चौकोन मात्र तसाच ठेवतो. बायको म्हणते, “तेवढंच काय राहिलं?”

राहिलं नाही. बॅकची जागा आहे ती.